सोळा हात दोर

आयुष्यात मी तीन माणसांवर मनापासून जळलो. त्यांतले दोघं माझ्यापेक्षा जास्त शिकलेले होते. त्यांचं मला आता काही वाटत नाही. एकाचं तर नावसुद्धा पटकन आठवत नाही. तिसरे दहावी नापास होते आणि आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपचं स्टोअर सांभाळायचे. त्यांच्यावर मी अजून जळतो. हे लिहितानाही जळतोच आहे, ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

सगळं कॉलेज त्यांना चाचा म्हणायचं. प्राचार्यसुद्धा. मी मात्र कधी म्हटलं नाही. समोर ‘अहो, ऐकता का’ आणि मागे ‘स्टोअरवाले’, एवढ्यावर मी अकरा वर्षं भागवली.

ते देऊळघाटचे. घराण्याचा धंदा मंडपाचा. वडील, चुलते, भाऊ सगळे लग्नाचे मंडप घालणारे, आणि हे लहानपणापासून बांबू, कनाती, दोर आणि वारा यांतच वाढलेले. मंडपाच्या दारावरची ‘सुस्वागतम्’ची पाटीही तेच रंगवायचे. त्यामुळे अक्षर असं, की स्टोअरमधल्या डब्यावरची ‘वॉशर, पाव इंची’ ही चिठ्ठीसुद्धा माणसानं उभं राहून वाचावी. माझं अक्षर माझ्या बायकोलाही लागत नाही. मी फळ्यावर गणित सोडवलं की मागच्या बाकावरून हमखास विचारणा व्हायची, “सर, ते पाच हाय का एस?”

रोज सकाळी ते मोपेडवरून यायचे. मोपेडच्या आरशाला राणी रंगाच्या कापडाची वीतभर पट्टी बांधलेली असायची, वारा कुठला आहे ते बघायला. गाडी स्टँडवर लावली की मिनिटभर त्या पट्टीकडे बघत उभे राहायचे आणि मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायचे, “आज पश्चिमेचा हाय. दुपारून फिरन.” वर्कशॉपच्या चार भिंतींत दिवसभर नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाला वारा फिरला काय आणि न फिरला काय! पण पोरं खिडकीतून ओरडून विचारायची, “चाचा, आज कोणीकडचा?” मला कधी कुणी काही ओरडून विचारलं नाही.

आमच्या कॉलेजात पोरं रॉकेट बनवतात असं सांगितलं की लोकांना दिवाळी आठवते. हे तसलं रॉकेट नव्हे. पुरुषभर उंचीचं, चार किलो वजनाचं, किलोमीटरभर वर जाणारं. त्याला रीतसर परवानगी लागते आणि मोकळं रान लागतं. वर पोचलं की आत ठेवलेली चिमूटभर दारू पेटते, रॉकेटचं नाक आणि धड वेगळं होतं आणि मधून पॅराशूट बाहेर पडतं. नाक, धड आणि पॅराशूट ही तिन्ही एकाच लांब दोराला बांधलेली असतात. त्या दोराला शॉक कॉर्ड म्हणतात. नाक आणि धड एकमेकांपासून जोरात उडतात तेव्हाचा सगळा हिसका त्या दोरानं खायचा असतो. तो नीट असला तर रॉकेट पुन्हा उडवता येतं. या क्लबचा मार्गदर्शक मी. माझी डॉक्टरेटच मुळी हवेतून पडणाऱ्या वस्तूंवरची.

पहिल्या वर्षीचं आमचं पहिलं रॉकेट पहारीसारखं सरळ खाली आलं आणि हरभऱ्याच्या रानात दोन फूट रुतलं. ते उकरायला कुदळ-फावडं घेऊन स्टोअरवाले आले. ही त्यांची त्या क्षेत्रातली सुरुवात. उकरता उकरता त्यांनी मातीतून पॅराशूट ओढून काढलं, झटकलं, तोंडाशी धरलं आणि त्यावर फुंकर मारली. कापडाच्या पलीकडे त्यांनी दुसरा तळहात धरला होता.

“हवा पार होऊन राह्यली,” ते म्हणाले. “हे कापड चहा गाळाले बरं हाय.”

पोरं त्या उन्हात, त्या उकरलेल्या मातीत बसून पोट धरून हसली. कापड मी निवडलेलं होतं.

त्यानंतर बुलढाण्याच्या बाजारातल्या झाडून सगळ्या कापडवाल्यांनी या माणसाची धास्ती घेतली. ते दुकानात शिरायचे, छत्रीचं नायलॉन मागायचे, तागा उलगडायला लावायचे आणि फुंकायचे. एका दुकानदारानं शेवटी हात जोडले, “चाचा, गिऱ्हाईक पाहून राह्यले. उष्टं कापड कोन घेईन?” चाचांनी रुमालानं ती जागा पुसून दिली आणि शेजारचा तागा फुंकला. रंगाबद्दलही त्यांचा हट्ट. पांढरं नको, कपाशीत हरवतं. पिवळं नको, सोयाबीन वाळलं की दिसत नाही. हिरव्याचं तर नावच काढू नका. राणी रंग घ्या, त्या रंगाचं आपल्याकडे काही पिकत नाही. मी पुस्तकात वाचून नारिंगी सुचवलं होतं. पोरांनी राणी घेतलं.

कुठलंही नवं रॉकेट दाखवलं की बाकी सगळे विचारायचे, किती उंच जाणार? चाचा विचारायचे, “पडन कुठी?” पॅराशूट किती मोठं घ्यायचं हे ते या एका प्रश्नावर ठरवायचे. एका पोरानं हौसेनं दहा फुटी पॅराशूट शिवायला घेतलं, म्हणजे रॉकेट अगदी अलगद उतरेल. चाचा म्हणाले, “अलगद उतरन, पन मेहकरले उतरन. आपून सुलतानपूरच्या रानात बसू तोंडाकडं पाहत.” मग म्हणाले, छत्री लहान घे, आणि मधोमध भोक ठेव, भोक नसलं तर हवा कडेनं निसटते आणि छत्री झोके खाते, बिनभोकाची कनात वाऱ्यात बांबूसकट चालायला लागते. पोरांनी ते लगेच लिहून घेतलं. अगदी हेच मी दोन आठवडे आधी वर्गात चित्रांसकट दाखवलं होतं. तेव्हा एकानं वही उघडली नव्हती.

शिवून झालेल्या पॅराशूटची परीक्षा पाण्याच्या टाकीवरून. वरून एक पोरगा रॉकेटच्या वजनाएवढ्या विटा बांधून पॅराशूट सोडायचा आणि चाचा खाली पाठ करून उभे राहायचे. बघायचं नाही, ऐकायचं. फडफड झाली तर नापास. “कापड रडून राह्यलं,” म्हणायचे, “एक शिवन उसव.” मी खाली घड्याळ लावून वेग मोजायचो. त्यांनी नापास केलेलं प्रत्येक पॅराशूट माझ्या आकड्यांतही नापास निघायचं. पण मला गुणाकार करावा लागायचा, तोवर पोरं उसवायला लागलेली असायची.

सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे चिठ्ठ्या. स्टोअरमधलं काहीही कापलं, मग तो कागद असो, कापड असो, पत्रा असो, की उरलेल्या तुकड्याला चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर चार ओळी: काय, किती, कापणार, तारीख. पहिल्या दोन ओळी चाचा स्वतः लिहायचे, पुढच्या दोन कापणाऱ्यानं आपल्या हातानं. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या. मंडपाचं घर, हर लग्नाची पत्रिका घरी यायची. पाठकोऱ्या पत्रिका कापून ते गठ्ठे करून ठेवायचे. म्हणजे एका बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सुतळी, दीड हात’. एकदा खुद्द प्राचार्यांनी सत्काराच्या फितीचा तुकडा कापून नेला, तर चाचा चिठ्ठी आणि पेन घेऊन त्यांच्या केबिनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. प्राचार्यांनी मुकाट्यानं सही केली.

“कापनं सोपं हाय,” असं त्यांचं म्हणणं. “कोन कापलं हे सांगाले जीवावर येते.”

माझ्या घरीही या माणसानं मला सुखानं राहू दिलं नाही. आमच्या गच्चीवरचं हिरवं शेडनेट दर उन्हाळ्यात फाटायचं. मी दर वर्षी ते अधिक घट्ट बांधायचो. एका रविवारी बायकोनं परस्पर चाचांना बोलावलं. त्यांनी माझ्या सगळ्या गाठी सोडल्या, दोर हातहातभर सैल केले, चहा घेतला आणि गेले. ते नेट अजून टिकून आहे. दर एप्रिलमध्ये बायको वर बघते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

आता प्रणिताबद्दल. ती क्लबची कप्तान, मोताळ्याकडची, आणि माझ्या अकरा वर्षांतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. मी स्वतः रोहिणखेडचा, म्हणजे एकाच तालुक्यातले आम्ही. पण पुण्यात पाच वर्षं शिकताना मी माझी बोली घासूनपुसून काढून टाकली होती. लोक हसायचे म्हणून. प्रणिता माझ्याशी बोलायची ती पुस्तकातलं शुद्ध मराठी, जपून जपून. आणि स्टोअरच्या खिडकीशी गेली की मोकळी सुटायची, “चाचा, काऊन उदास दिसून राह्यले? चहा नाही भेटला का?” मी व्हरांड्यातून ते ऐकायचो. ती बोली माझ्या आईची. ती बोलायचा माझा हक्क पहिला, आणि मीच तो पुण्यात सोडून आलो होतो. तेही खापर मी त्यांच्याच डोक्यावर फोडायचो.

त्या वर्षी बाहेरच्या राज्यात एका मोठ्या मैदानावर विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. प्रणितानं अख्खा हिवाळा घालून रॉकेटचं धड बनवलं: पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर काचतंतूचं कापड, रेझिनचा थर, मग घासणं, पुन्हा कापड, पुन्हा थर. तिच्या बोटांची सालं निघाली होती. प्रश्न राहिला दोराचा. मी फळा भरून गणित मांडलं. रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट दोर पुरेसा आहे. दोर कमी तर वजन कमी, वजन कमी तर उंची जास्त, आणि स्पर्धेत उंचीला गुण. प्रणितानं सगळं उतरवून घेतलं, वही मिटली आणि म्हणाली, “सर, एकदा चाचांना विचारू या का?”

चाचा आले. फळ्याकडे त्यांनी आदरानं पाहिलं, तेही मला टोचलं.

“मंडपाचा दोर तंग बांधला तं पहिल्याच झोताले खुंटी उपटते,” ते म्हणाले. “ढील पायजे. झटका दोरात जिरला पायजे, पुठ्ठ्यात नाही. रॉकेट चार हात. सात पट धरा. अठ्ठावीस हात दोर.”

“सातच का?” मी म्हणालो. “कशावरून?”

“मंग आठ बांधू का सर?”

सगळी खोली हसली. त्यांनी ते चिडवायला म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मीही हसलो. हसावंच लागलं.

शनिवारी सकाळी सुलतानपूरजवळच्या मोकळ्या रानात चाचणी होती. शुक्रवारी सकाळी चाचांनी दोर आणि पॅराशूट घडी घालून रॉकेटमध्ये भरलं, म्हणजे पॅकिंग केलं, रजिस्टरवर सही केली आणि दुपारी ते नमाजला गेले. पोरं जेवायला गेली होती. स्टोअरची दुसरी किल्ली माझ्याकडे असायचीच. मी स्टोअरमध्ये गेलो, रॉकेट उघडलं, नाकाकडची गाठ सोडली आणि दोर ओढून मोजला. अठ्ठावीस हात. त्यातला सोळा हात कापला. राहिले बारा, माझ्या फळ्यावरचे. कापलेलं टोक काडी पेटवून जाळलं, पुन्हा गाठ मारली, पॅराशूटची घडी जमेल तशी घालून आत दाबली. कापलेला दोर लेथ मशीनमागच्या खोक्यात, लोखंडाच्या किसात खोल खुपसला. चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता.

मी रॉकेट बिघडवायला गेलो नव्हतो, एवढं तरी माझं ऐका. माझ्या गणितावर माझा पूर्ण विश्वास होता. उद्या ते जास्त उंच जाईल, सुखरूप उतरेल, आणि मग मी सगळ्यांसमोर, चाचांसमोर, सहज म्हणेन, “दोर बाराच हात होता बरं का.” ते एक वाक्य मला बोलायचं होतं. त्याच्यासाठी मी ते केलं.

शनिवारी रॉकेट खरोखरच उंच गेलं, आमच्या आजवरच्या सगळ्यांपेक्षा उंच. पोरं नाचायला लागली. मी वाक्य बोलायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात वर दारू पेटल्याचा आवाज आला आणि लगेच दुसरा, कोरं कापड फाडावं तसा. मग राणी रंग उघडला. रॉकेट झुलत झुलत, शिस्तीत, आमच्यापासून शंभर पावलांवर उतरलं. पॅराशूटनं त्याचं काम चोख केलं होतं. धड मात्र तोंडापासून हातभर खाली चिरलं होतं. दोर अपुरा पडला, हिसका बसला आणि ताणलेल्या दोरानंच नळी उभी कापली. माझ्या गणितात दारू नेमकी हवी तेवढीच धरली होती. ती थोडी जास्त पडली तर काय, ते मी धरलं नव्हतं. सोळा हात जास्तीचा दोर त्याच्यासाठी होता.

स्पर्धेला तीन आठवडे होते. प्रणितानं ती चीर हातानं मिटवून बघितली, जणू मिटलीच असती. मग ती वळली.

“पॅकिंग तुमी केलं होतं न चाचा!” ती किंचाळलीच. “तुमी म्हने, झटका पुठ्ठ्यावर येनार नाही! म्या आयकलं तुमचं! सरांचं गनित सोडून म्या तुमचं आयकलं!”

चाचा उकिडवे बसले. त्यांनी दोर हातात घेतला आणि एका टोकापासून हातानं मोजत गेले. मीही मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो. दहा, अकरा, बारा. त्यांचं बोट गाठीशी पोचलं आणि जळक्या टोकावर थांबलं. ते दोराचं टोक तापल्या सुरीनं बंद करायचे. काडीनं जाळून काळं कधी करत नसत. अंगठ्यानं त्यांनी ती काजळी घासून बघितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं मला नक्की आठवतं, कारण मी त्यांच्याकडेच पाहत होतो.

“दोर कमी पडला बेटा,” ते म्हणाले. “चूक माही हाय.”

बोलायला चार शब्द पुरले असते. मी पुठ्ठ्याचे ढलपे वेचायला लागलो. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला थोडं बरंही वाटलं. त्यांच्यावर कुणी ओरडलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सोमवारी त्यांनी पॅराशूटच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. “आता तुमीच पाहा सर,” एवढंच म्हणाले. पोरांनी रात्रंदिवस खपून नवं धड केलं. दोर मी कापला. दार लावून घेतलं आणि माझ्या हातानं मोजला, दोनदा: अठ्ठावीस हात. गुपचूप. स्पर्धेत ते इतकं सुरेख उतरलं की परीक्षक टाळ्या वाजवायला लागले. रॉकेट सुखरूप परत आणण्याचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव, पेपरात माझा फोटो. परत आलो तर स्टोअरच्या दारावर ती बातमी चिकटवलेली, कडा अगदी सरळ कापून. उरलेल्या पेपराची घडी करून त्यालाही त्यांनी चिठ्ठी लावली होती, स्वतःच्या नावाची.

प्रणिता त्यानंतर स्टोअरकडे फिरकली नाही. शिक्षण संपवून निघाली तेव्हा पाया पडायला माझ्याकडे आली आणि तशीच फाटकाबाहेर गेली. चाचा खिडकीशी उभे होते. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ते अंगाला लागत मात्र नव्हतं. मी त्यांच्यावर पूर्वीपेक्षा जास्त जळायला लागलो, कारण आता ते मला रोज ‘सलाम सर’ म्हणायचे आणि त्यात काहीही नसायचं. टोमणा नाही, राग नाही. मी किती शोधलं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझं भाषण झालं, चांगलं झालं म्हणतात. नवा माणूस येईपर्यंत स्टोअरचा ताबा माझ्याकडे आला. यादी करताना मी एकेक डबा उघडत होतो. ‘दोर’ लिहिलेल्या डब्यात सगळ्यांत वर एक वेटोळं होतं. लोखंडाचा एक कीससुद्धा त्यात राहिला नव्हता. एकेक कण वेचून काढलेला. त्याला चिठ्ठी होती. त्या सुंदर अक्षरात:

काय: रॉकेटचा दोर, नायलॉन.
किती: सोळा हात.

त्याखाली ‘कापणार’ लिहून पुढे जागा कोरी सोडली होती.

मी डबा बंद केला. यादीत ‘दोर, एक डबा’ असं लिहिलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. तिसऱ्या दिवशी पेन काढून त्या ओळीत माझं नाव लिहिलं. त्यांच्या अक्षराखाली ते कुणी कोंबडीच्या पायांनी लिहिल्यासारखं दिसत होतं, आणि लाज वाटायच्या आधी मला त्या अक्षराचा हेवा वाटला. माणूस असा असतो. निदान मी असा आहे. चिठ्ठीचा फोटो काढला आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रणिताला पाठवला. खाली लिहिलं: त्या शुक्रवारी दोर मी कापला होता.

तासाभरानं उत्तर आलं, “चाचांना माहीत होतं?”

“हो.”

“मी काय काय बोलले त्यांना, सर.” आणि पाच मिनिटांनी, “मी रविवारी देऊळघाटला जाणार आहे. तुम्ही त्याआधी जाऊन या.”

शनिवारी गेलो. चाचा अंगणात शिलाईचं मशीन मांडून कनातीला ठिगळ लावत होते. मोपेड भिंतीशी, आरशावर राणी पट्टी. मला बघून उठले, खुर्ची झटकली, आत चहा सांगितला. मी बसलो नाही. दोराचं वेटोळं त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणालो, “चाचा.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. चष्मा लावला आणि आधी चिठ्ठीची उलटी बाजू वाचली.

“हे लगन आमच्याकडंच होतं,” ते म्हणाले. “लई वारा होता त्या रोजी.” मग सुलटी केली.

“तेव्हाच का बोलला नाहीत?” मी विचारलं. आणि माझ्याही नकळत पुढचं आईच्या बोलीत आलं, “सगळ्याइसमोर तुमचं नाव खराब झालं. काऊन सांगतलं नाही?”

“ज्यानं कापलं त्यानं लिवाव,” चाचा म्हणाले. “म्या काऊन लिवू?”

मशीनवरची कनात वाऱ्यानं जराशी हलली. त्यांनी सवयीनं तिच्याकडे पाहिलं, मग चिठ्ठी माझ्यापुढे केली आणि खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडून दिलं.

“नाव लिवलं सर. तारीख राह्यली.”

मी लिहिली. आठवावी लागली नाही.